सरकारी वकिलाला ‘अपील नको’ म्हणता आलं पाहिजे

सरकारी वकील म्हटलं की बहुतेकांना खुनाचा खटला आठवतो. आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून युक्तिवाद करणारा, निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव येणारा माणूस. त्याच इमारतीत, दिवाणी न्यायालयांच्या बोर्डावर, आणखी एक सरकारी वकील दिवसभर या दालनातून त्या दालनात जात असतो. त्याच्या प्रकरणांच्या शीर्षकात एका बाजूला एखाद्या शेतकऱ्याचं, विधवेचं, छोट्या ठेकेदाराचं नाव असतं आणि दुसऱ्या बाजूला ‘महाराष्ट्र शासन, तर्फे जिल्हाधिकारी’. धरणाखाली गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला, रस्त्यात गेलेली पण कधीच संपादित न झालेली पट्टी, चुकीचा फेरफार, गायरानावर सांगितलेला हक्क, केलेल्या कामाचं थकलेलं बिल, अशा दाव्यांत तो सरकारची बाजू मांडतो. त्याच्याविषयी लिहिलं जात नाही, आणि त्याच्या कामाची रचना कशी आहे याचा विचार तर त्याहून कमी होतो.

मी काही वर्षं मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात हे काम केलं. त्या अनुभवातून आणि नंतर वकिली करताना जे पाहिलं त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. सरकारची बाजू जिथे चुकीची आहे तिथे ती सोडून द्या, असं सांगण्याचा खरा अधिकार या वकिलाला नाही. तो मत देऊ शकतो. त्या मताचं पुढे काहीही होऊ शकतं. हा अधिकार त्याला मिळायला हवा, आणि त्यासोबत त्याची जबाबदारीही.

आधी हे काम चालतं कसं ते सांगतो. दाव्याचं समन्स जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत येतं. तिथून ते संबंधित शाखेकडे, शाखेतून प्रांताकडे, प्रांताकडून तहसीलदाराकडे जातं. तहसील कार्यालयातला अव्वल कारकून वादपत्र वाचून ‘पॅरावाईज रिमार्क’ तयार करतो आणि ते आल्या वाटेने परत चढत सरकारी वकिलाच्या कार्यालयात येतात. तोपर्यंत बहुतेक वेळा कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करायची मुदत उलटून गेलेली असते. आणि रिमार्कमध्ये काय असतं? वादपत्राच्या परिच्छेद 1 पासून शेवटच्या परिच्छेदापर्यंत एकच वाक्य: सदरचा मजकूर खोटा असून कबूल नाही. वादीने सात-बाराचा उतारा जोडलेला असतो, ज्याचं मूळ दप्तर सरकारच्याच तलाठ्याकडे आहे. मोजणीचा नकाशा जोडलेला असतो, जो सरकारच्याच भूमी अभिलेख कार्यालयाने काढून दिला आहे. तरीही मजकूर कबूल नाही. मग सरकारच्याच कार्यालयाने सही-शिक्का मारून दिलेला कागद शाबित करण्यासाठी वादी तारखा घेत राहतो, साक्षीदार म्हणून त्याच तलाठ्याला समन्स काढतो, आणि यात तीन-चार वर्षं सहज जातात.

खरं तर दावा उभा राहण्यापूर्वीच तो मिटावा अशी सोय कायद्याने करून ठेवली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे सरकारवर दावा लावण्याआधी 2 महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. खाजगी माणसावर दावा करताना अशी अट नाही. सरकारला ही सवलत दिली ती एवढ्यासाठी, की त्या 2 महिन्यांत त्याने आपले कागद तपासावेत, मागणी रास्त असेल तर मान्य करावी आणि सार्वजनिक पैसा व वेळ वाचवावा. प्रत्यक्षात नोटिशीला उत्तरच जात नाही. विधी आयोगाने हे कलम काढून टाकावं अशी शिफारस एकापेक्षा अधिक वेळा केली होती. 1976 च्या दुरुस्तीत ते टिकलं. फक्त तातडीच्या प्रकरणांत न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावण्याची मुभा आली. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलम वकील संघाच्या प्रकरणात स्पष्ट नोंदवलं की असंख्य नोटिशींना एकतर उत्तर दिलं जात नाही किंवा मोघम उत्तर दिलं जातं, आणि प्रत्येक खात्याने यासाठी अधिकारी नेमावा. त्याला वीस वर्षं झाली. आजही जिल्हा सरकारी वकिलाला ती नोटीस पहिल्यांदा दिसते ती वादपत्राला जोडलेला कागद म्हणून. ज्या टप्प्यावर त्याच्या सल्ल्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता, त्या टप्प्यावर त्याला कुणी विचारलेलं नसतं.

भूसंपादनाची प्रकरणं जिल्हा पातळीवर या कामाचा फार मोठा भाग असतात, म्हणून थोडं हिशोबात शिरू. भूसंपादन अधिकाऱ्याने निवाड्यात दिलेला दर कमी वाटला तर शेतकरी 1894 च्या कायद्याच्या कलम 18 खाली संदर्भ अर्ज, म्हणजे मोबदला न्यायालयाकडून ठरवून घेण्याचा अर्ज, करत असे. 2013 च्या कायद्यात तीच सोय कलम 64 मध्ये आहे. समजा न्यायालयाने 1 लाख रुपये मोबदला वाढवला. जुन्या कायद्याप्रमाणे त्यावर 30 टक्के दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा भरपाई) धरून 1,30,000 रुपये होतात. ताबा घेतल्याच्या दिवसापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे दरसाल 15 टक्के व्याज. दिलासा रकमेवरही व्याज द्यावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2001 मध्ये ठरवून दिलं. ताब्यापासून 10 वर्षांनी पैसे दिले तर नुसतं व्याज 1,87,200 रुपये होतं आणि देणं 3,17,200 रुपयांवर जातं. यात बाजारभावावर वेगळा मिळणारा 12 टक्क्यांचा वाढीव घटक मी धरलेला नाही. नव्या कायद्यातही व्याजाचे दर हेच आहेत. म्हणजे टिकणारच नाही अशा अपिलात घालवलेलं प्रत्येक वर्ष सरकारला 15 टक्क्यांनी पडतं. या दराने कर्ज घ्यायला राज्याचा कुठलाही वित्त सचिव तयार होणार नाही.

आणि हे पैसे मिळेपर्यंत त्या शेतकऱ्याचं काय होतं? हुकूमनामा झाला तरी 3 महिने थांबल्याशिवाय सरकारविरुद्ध त्याची अंमलबजावणी मागता येत नाही, असं संहितेचं कलम 82 सांगतं. मग अंमलबजावणीसाठी दरखास्त, मग जप्तीचं वॉरंट, मग बेलीफ जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन खुर्च्या, संगणक, कधी गाडी ताब्यात घ्यायला निघतो. वर्तमानपत्रात त्याची बातमी येते, लोकांना त्यात काही वेळ समाधानही वाटतं. मला कधी वाटलं नाही. त्या खुर्च्या विकून शेतकऱ्याचं देणं फिटत नाही आणि ज्या निर्णयामुळे ही वेळ आली तो घेणारा अधिकारी कधीच बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो.

सर्वांत जड जातात ती 1972 च्या दुष्काळातली आणि त्यानंतरच्या काळातली प्रकरणं. लोकांच्या हाताला काम द्यायचं होतं, म्हणून गावोगावी पाझर तलाव, नालाबांध, रस्ते निघाले. ते काम खरंच मोठं होतं. त्यातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला आणि माणसं जगली. पण घाई इतकी होती की अनेक ठिकाणी जमीन घेतली ती तोंडी, कधी एखाद्या साध्या संमतीपत्रावर अंगठा घेऊन. अधिसूचना नाही, निवाडा नाही, पैसे नाहीत. सात-बारावर मालक म्हणून आजही आजोबांचं नाव आणि जमिनीत तलावाचं पाणी. पन्नास वर्षांनी नातू दावा लावतो तेव्हा सरकारी वकिलाच्या टेबलावर येणाऱ्या नस्तीत (फाइलीत) दोन सूचना ठरलेल्या असतात. एक, दावा मुदतबाह्य आहे असा मुद्दा घ्यावा. दोन, सरकारचा ताबा 12 वर्षांहून अधिक काळ उघड आणि अखंड असल्याने प्रतिकूल ताब्याने मालकी सरकारची झाली, असा मुद्दा घ्यावा.

हा दुसरा मुद्दा मला कायम अस्वस्थ करत आला. प्रतिकूल ताबा म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर त्याच्या हक्काविरुद्ध बसून राहणं आणि काळ लोटल्यावर तीच आपली म्हणणं. खाजगी माणसाने ते केलं तर कायदा नाइलाजाने मान्य करतो. सरकारने आपल्याच नागरिकाविरुद्ध ते करावं? हिमाचल प्रदेशातल्या हमीरपूर जिल्ह्यात एका निरक्षर विधवेची जमीन 1967-68 मध्ये रस्त्यासाठी अशीच घेतली गेली होती. राज्याने न्यायालयात सांगितलं की आमचा ताबा 42 वर्षांचा आहे, जमीन आमची झाली. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते साफ नाकारलं: कल्याणकारी राज्याला प्रतिकूल ताब्याचा आधार घेता येत नाही, आणि अन्याय चालू असताना केवळ उशीर झाला म्हणून नागरिकाला परत पाठवता येत नाही. ती बाई तेव्हा 80 च्या घरात होती. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची जमीन 1964 मध्ये औद्योगिक विकासासाठी घेतली गेली आणि संपादनाची प्रक्रिया कधी पूर्णच झाली नाही. त्यांच्या वारसांना न्याय मिळाला तो 2012 मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. मालमत्तेचा हक्क 44 व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत राहिला नसला तरी अनुच्छेद 300अ आहेच: कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही.

हे निकाल प्रत्येक सरकारी वकिलाला माहीत असतात. नस्तीवर तो तसं लिहूही शकतो. पण कैफियतीवर सही तहसीलदाराची असते, सूचना वरून आलेली असते, आणि तो मुद्दा घेतला नाही तर ‘शासनाचे हित जपले नाही’ असा शेरा त्याच्या नावावर लागू शकतो. शासनाचं हित कशात आहे, हे ठरवण्याची मुभा त्याच्याकडे नसते.

न्यायालयांनी मात्र त्याच्याकडून ती अपेक्षा फार पूर्वीपासून ठेवली आहे. 1973 मध्ये एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला बजावलं होतं की त्याने इतर पक्षकारांसारखं जिंकण्यासाठी लढू नये; प्रामाणिक मागणी मान्य करावी, खरा बचाव असेल तिथे लढावं आणि दुबळ्या माणसावर तांत्रिक मुद्द्याने मात करू नये. 1979 मध्ये मद्रास बंदर न्यासाच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी मुदतीच्या मुद्द्याविषयी तेच सांगितलं. 1976 च्या दुरुस्तीने संहितेत आदेश 27 नियम 5ब आला, ज्याप्रमाणे सरकार पक्षकार असलेल्या दाव्यात तडजोड घडवून आणण्यासाठी प्रयत्न करणं हे न्यायालयाचंच कर्तव्य ठरलं. पण न्यायाधीश विचारतात, ‘काही तडजोड होईल का?’ तेव्हा सरकारी वकिलाकडे द्यायला एकच उत्तर असतं: सूचना घेऊन सांगतो. ती सूचना येत नाही. पुढची तारीख पडते.

सूचना का येत नाही, याच्या मुळाशी भीती आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय अधिकाऱ्यांना दोष देणं मला योग्य वाटत नाही. निकाल सरकारविरुद्ध गेला आणि अधिकाऱ्याने अपील केलं तर त्याला पुढे कोणी काही विचारत नाही. अपील केलं नाही तर लेखापरीक्षणात आक्षेप निघू शकतो, तक्रार होऊ शकते, ‘वादीशी संगनमत’ असा संशय घेतला जाऊ शकतो. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात तर 2018 पर्यंत असं कलम होतं की लोकहित नसताना एखाद्याला आर्थिक लाभ मिळवून देणं हाच गुन्हा ठरे. हेतू वाईट होता हे वेगळं शाबित करावं लागत नसे. ते कलम गेलं. पण ते असतानाची सवय तशीच राहिली. त्यामुळे सरकारी वकिलाने ‘अपिलास योग्य प्रकरण नाही’ असं मत दिलं तरी नस्ती खात्याकडे जाते, खात्याकडून विधी व न्याय विभागाकडे जाते, आणि खाली वर कुणालाच शेवटचा ‘नको’ लिहायचा नसतो. अपील होतं. खरा निर्णय कुणीच घेतलेला नसतो.

आता यात वेळ किती जातो ते पाहा. 1987 मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका भूसंपादन प्रकरणात सरकारचं अपील 4 दिवस उशिरा आलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने उदारपणे तो उशीर माफ केला. पुढची अनेक वर्षं सरकारी वकील त्याच निकालावर उभे राहिले. 2012 मध्ये टपाल खात्याचा 427 दिवसांचा उशीर माफ करायला न्यायालयाने नकार दिला आणि नस्ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती ही सबब आजच्या तंत्रज्ञानाच्या काळात चालणार नाही, असं सांगितलं. 2020 मध्ये मध्य प्रदेश सरकार 663 दिवस उशिरा आलं, तेव्हा न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या पीठाने अपील फेटाळून 25,000 रुपयांचा खर्च बसवला. अशा प्रकरणांना त्यांनी ‘सर्टिफिकेट केसेस’ म्हटलं: सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्याचं प्रमाणपत्र मिळवायचं आणि विषय बंद करायचा, एवढ्यासाठीच ती दाखल होतात. सप्टेंबर 2025 मध्ये कर्नाटक गृहनिर्माण मंडळाचा 3,966 दिवसांचा, म्हणजे जवळजवळ 11 वर्षांचा उशीर सर्वोच्च न्यायालयासमोर होता. उच्च न्यायालयाने तो माफ केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली.

या कडकपणाचं मी स्वागत करतो, पण त्याची दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. उशिराचा अर्ज फेटाळला गेला की निरर्थक अपिलाबरोबर खरोखर दाखल व्हायला हवं होतं असं अपीलही जातं. गायरानाची जमीन कुणी खोट्या कागदांवर मिळवली असेल, कुठल्याशा बागेच्या अस्तित्वात नसलेल्या झाडांचा मोबदला मंजूर झाला असेल, शाळेच्या मैदानावर मालकी ठरली असेल, तर तिथे सरकारने जीव तोडून लढलं पाहिजे. 2011 मध्ये पंजाबमधल्या एका गावतळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनी परत मिळवण्याचे आदेश दिले, ते याच काळजीने. सरकारी जमीन परत मिळवण्यासाठी कायदा सरकारला 30 वर्षं देतो, खाजगी मालकाला 12. एवढं असूनही सरकार प्रकरणं हरतं, कारण त्या चांगल्या प्रकरणासाठी द्यायचा वेळ, साक्षीदार आणि वकिलाचा दिवस निकामी अपिलांनी खाल्लेला असतो. ज्या दिवशी गायरानाच्या दाव्यात उलटतपास असतो त्याच दिवशी वकिलाच्या हातात इतर दालनांतली दहा-बारा प्रकरणं असतात.

इथे आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सरकारी वकिलाला सोडून देण्याचा अधिकार दिला तर तो विकला जाणार नाही कशावरून? जमिनीचे व्यवहार कोट्यवधींचे, वकिलाचं मानधन तुटपुंजं, नेमणूक बऱ्याचदा राजकीय ओळखीतून. ‘अपील नको’ या दोन शब्दांना बाजारात भाव येईल. मला हा धोका खरा वाटतो. जिल्हा न्यायालयात वावरलेला कुणीही तो नाकारणार नाही.

पण आज संगनमत कसं होतं ते आधी पाहिलं पाहिजे. ते लेखी मताने होत नाही. ते गप्प राहून होतं. कैफियत वेळेत दाखल होत नाही आणि ‘विना कैफियत’ आदेश होतो. साक्षीदार अधिकारी तारखेला येत नाही. वादीच्या मूल्यांकन तज्ज्ञाचा उलटतपास दोन प्रश्नांत संपतो. प्रमाणित प्रतीसाठी अर्जच उशिरा पडतो आणि अपिलाची मुदत निघून जाते. यातल्या कशावरही कुणाची सही नसते, म्हणून कुणाला जबाब विचारता येत नाही. याउलट सरकारी वकिलाने दोन पानांचं कारणांसह मत लिहून सही केली, तर ते मत तपासता येतं. पाच वर्षांची मतं एकत्र ठेवून पाहता येतात, एकाच गावाच्या दोन प्रकरणांत वेगळं मत का दिलं हे विचारता येतं. प्रामाणिक माणसाला लेखी कारण हे संरक्षण आहे आणि अप्रामाणिक माणसाला ती अडचण आहे. अधिकार उघड असला की त्यावर पाळत ठेवता येते. आज तो उघड नाही, एवढंच.

म्हणून माझी मागणी अशी आहे. कलम 80 ची नोटीस आली की ती थेट जिल्हा सरकारी वकिलाकडेही जावी आणि त्या 2 महिन्यांच्या आत त्याचं लेखी मत यावं. सरकारविरुद्ध निकाल लागला की अपिलाविषयीही तसंच मत यावं, त्यात व्याजाचा हिशोब मांडलेला असावा: लढलो तर दरवर्षी किती, आज दिलं तर किती. हे मत एरवी खात्यावर बंधनकारक असावं. खात्याला ते पटलं नाही तर ते बाजूला सारता यावं, पण तसं करणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या नावानिशी कारण लिहावं, आणि अपील फेटाळलं गेलं तर मधल्या काळातलं व्याज त्या निर्णयापुढे नोंदवलं जावं. वसुली करा असं मी म्हणत नाही; त्याने भीती आणखी वाढेल आणि ती उलट दिशेला काम करेल. फक्त नोंद हवी. ज्याने मत मानून अपील केलं नाही त्याला मात्र लेखापरीक्षणापासून संरक्षण मिळालं पाहिजे. आदेश 27 नियम 5ब नुसार तडजोडीचा प्रश्न आला की ठरावीक रकमेपर्यंत होकार देण्याचा अधिकारही वकिलाकडे असावा.

अर्थात असा अधिकार कुणाला द्यायचा, हा प्रश्न टाळून चालणार नाही. महाराष्ट्रात या नेमणुका 1984 च्या विधी अधिकारी नियमांनी होतात. सरकार बदललं की यादी बदलते, ही समजूत वकिलांमध्ये इतकी रुळलेली आहे की तिला कुणी विरोधही करत नाही. उत्तर प्रदेशात 1990 मध्ये तर राज्यातल्या सगळ्या जिल्हा सरकारी वकिलांना एका परिपत्रकाने काढून टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि सांगितलं की हे पद सार्वजनिक स्वरूपाचं आहे, ते सरकारच्या लहरीवर सोडता येणार नाही. 2016 मध्ये पंजाब आणि हरियाणातल्या नेमणुकांवरून पुन्हा तेच सांगावं लागलं: सरकारचा वकील गुणवत्तेवर आणि पारदर्शक पद्धतीने निवडला गेला पाहिजे. ज्याचं पद पुढच्या निवडणुकीवर लटकलेलं आहे त्याने पालकमंत्र्यांच्या मर्जीतल्या प्रकल्पाविषयी ‘आपली बाजू चुकीची आहे’ असं लिहावं, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

याच राज्यात घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई 1957 ते 1974 अशी सतरा वर्षं महाधिवक्ता, म्हणजे राज्याचे सर्वोच्च सरकारी वकील, होते. यशवंतराव चव्हाणांपासून वसंतराव नाईकांपर्यंत मुख्यमंत्री बदलले, महाधिवक्ता तोच राहिला. कायद्याने त्यांना कसलंही वेगळं संरक्षण नव्हतं. घटनेच्या अनुच्छेद 165 प्रमाणे महाधिवक्ता राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच पदावर असतो. त्यांची विद्वत्ता असामान्य होती हे खरं, पण त्यांचा सल्ला ऐकला जाण्यामागे ते कुणाचे माणूस नव्हते याचाही वाटा होता, असं मला वाटतं. जिल्ह्याजिल्ह्यात सीरवाई मिळणार नाहीत. निवड लेखी परीक्षेने आणि जिल्हा न्यायाधीशांच्या मताने, पाच वर्षांची निश्चित मुदत, आणि मुदतीआधी काढायचं तर कारण, एवढं तर करता येईल. मानधनही तारखांच्या संख्येवर अवलंबून नसावं, कारण लवकर मिटलेल्या प्रकरणात वकिलाचं नुकसान होता कामा नये.

‘वकिलाने पक्षकाराचं ऐकावं, न्यायाधीश होऊ नये’ असंही मला ज्येष्ठांनी सांगितलं आहे. खाजगी पक्षकाराच्या बाबतीत ते मला मान्य आहे. त्याचं हित काय हे तोच जाणतो. सरकारी वकिलाचा पक्षकार मात्र तहसीलदार नाही आणि खात्याचा सचिवही नाही. तो राज्य आहे, आणि समोरचा वादी त्याच राज्याचा नागरिक आहे. हे लक्षात न ठेवल्याने काय होतं त्याचं उदाहरण पुण्याच्या पाषाणमधल्या जमिनीचं. एका कुटुंबाने 1950 च्या दशकात घेतलेली जमीन सरकारने ताब्यात घेऊन संरक्षण संस्थेला दिली. कुटुंब सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकलं. मग सरकारने बदली जमीन दिली, आणि ती वनजमीन निघाली. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य सुमारे 37 कोटींचा आकडा घेऊन न्यायालयात उभं होतं, आणि योग्य मोबदला दिला नाही तर ‘लाडकी बहीण’सारख्या योजना थांबवण्याचा आदेश देऊ, असं न्यायमूर्ती गवई यांच्या पीठाला सुनवावं लागलं. इतक्या वर्षांत कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर कुणा सरकारी वकिलाने नस्तीवर खरं लिहिलं असेल, असं मी धरून चालतो. ते लिहिणं कुणाला बांधील नव्हतं.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली आहेत. कोयना आणि कृष्णेच्या खोऱ्यातली धरणं, सोलापूरचे महामार्ग, कोकणातली वनजमीन यांचे वाद तिथे येणार आहेत. तिथलं सरकारी वकिलांचं कार्यालय नवीन आहे, जुन्या सवयी अजून पक्क्या व्हायच्या आहेत. लेखी मत, व्याजाचा हिशोब आणि नावानिशी नकार यांची नोंदवही ठेवायला तिथून सुरुवात करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. विधी व न्याय विभागाचा एक शासन निर्णय पुरेसा आहे. दोन वर्षांनी त्या नोंदवहीतली अपिलं आणि नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली अपिलं शेजारी ठेवून पाहता येतील. माझं म्हणणं चुकीचं असेल तर तेही त्यातूनच दिसेल.